सापडलं कुठं, ते लिहून ठेवा

इंदूरहून येणारी बस नानाखेड्याला रिकामी होते. स्थानकाबाहेर पाऊल ठेवलं की रिक्षावाल्यांचा एकच गजर सुरू होतो, महाकाल, महाकाल! महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींचं पुढचं वेळापत्रक ठरलेलं असतं. आधी महाकाल, मग हरसिद्धी, काळभैरव, मंगळनाथ, जमलं तर सांदीपनी आश्रम आणि रामघाटावरची आरती. रात्री परत इंदूर, कारण सराफ्यातली गरम जिलेबी चुकवायची नसते. एका दिवसात उज्जैन 'झालं'.

नानाखेडा म्हणजे उज्जैनचं सगळ्यात अलीकडचं टोक. बसस्थानक, स्टेडियम, हॉटेलं, वसाहती, असं कुठल्याही वाढत्या शहरात दिसतं तसंच सगळं. पण हे गाव अडीच हजार वर्षांहून अधिक काळ हळूहळू दक्षिणेकडे सरकत आलं आहे. सर्वांत जुनी वस्ती उत्तरेला, गढकालिकेच्या बाजूला, क्षिप्रेच्या काठावरच्या उंचवट्यावर होती. महाकाल आणि गोपाळमंदिराभोवतीचं जुनं शहर मधलं. रेल्वेच्या पलीकडचं फ्रीगंज आणि माधवनगर ही संस्थानी काळातली आखणी. आणि आता नानाखेडा. शहर पुढे सरकतं तेव्हा मागे पुष्कळ काही टाकून जातं. ते कुणी उचललं आणि कसं सांभाळलं, हा या लेखाचा विषय. त्यात मराठी नावं इतकी येतात की उज्जैनला 'बाहेरगाव' म्हणणं जिवावर येतं.

मराठ्यांचं इथलं नातं सगळ्यांना ठाऊक असतं, पण अर्धवट. इल्तुत्मिशाने 1234-35 च्या सुमारास महाकालाचं देऊळ पाडलं आणि ते पुन्हा उभं राहायला अठरावं शतक उजाडावं लागलं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी ते बांधवून घेतलं. कोकणातला एक सारस्वत कारभारी माळव्यात ज्योतिर्लिंगाचा जीर्णोद्धार करतो, ही गोष्ट आपल्याकडच्या किती घरांत सांगितली जाते? पुढे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवेपर्यंत उज्जैन हेच शिंद्यांचं ठाणं होतं. 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या फौजेला इथेच धूळ चारली. दौलतगंज, माधवनगर, जीवाजीगंज ही मोहल्ल्यांची नावं एकापाठोपाठ वाचली तर शिंद्यांची अर्धी वंशावळ पाठ होते.

बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळमंदिरात चांदीचा दरवाजा आहे. तिथला कुणीही हौशी माणूस तुम्हाला सांगेल, की हा दरवाजा मूळचा सोमनाथाचा, गझनीच्या महमूदाने तो लुटून नेला आणि महादजींनी तो लाहोरहून परत आणला. ऐकायला छान वाटतं. पण सोमनाथाच्या दारांच्या कथा हिंदुस्थानात एकापेक्षा जास्त आहेत. 1842 मध्ये इंग्रज फौजेने गझनीहून अशीच 'सोमनाथाची दारं' मोठ्या गाजावाजाने आणली. ती सोमनाथाची नाहीतच असं निघालं आणि आज ती आग्र्याच्या किल्ल्यात पडून आहेत. उज्जैनचा दरवाजा खोटा आहे, असं मला म्हणायचं नाही. वस्तूबरोबर कागद नसला की ती जागा आख्यायिका भरून काढते, एवढंच म्हणायचं आहे. आणि आख्यायिकेची कुणी उलटतपासणी घेत नाही.

कागद सांभाळण्याचं काम उज्जैनमध्ये रीतसर सुरू झालं ते 1931 मध्ये. ग्वाल्हेर दरबाराच्या आश्रयाने इथे हस्तलिखितांचा संग्रह उभा राहिला, तेच आजचं सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठान. पुढे ते विक्रम विद्यापीठाचा भाग झालं. त्यामागे पंडित सूर्यनारायण व्यासांचा मोठा वाटा होता. ज्योतिषी, पत्रकार, साहित्यिक आणि मुख्य म्हणजे उज्जैनच्या अभिमानाचा हा चालताबोलता प्रचारक. विक्रम संवताला दोन हजार वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्यांनी जो उत्सव उभा केला, त्यातूनच विक्रम विद्यापीठ आणि विक्रम कीर्ती मंदिर यांच्या कल्पनांना बळ मिळालं. 1958 मध्ये मिळालेलं पद्मभूषण त्यांनी पुढे इंग्रजीच्या वर्चस्वाचा निषेध म्हणून परत केलं. असा माणूस उत्सव उभा करू शकतो. पण उत्सव संपल्यावर कपाटं भरणं आणि याद्या करणं हे वेगळ्या स्वभावाचं काम आहे. ते प्रतिष्ठानात सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांच्यासारख्या अभ्यासकांनी केलं. उत्सव करणाऱ्याची शताब्दी होते, याद्या करणाऱ्याची सहसा होत नाही.

यादी म्हणजे नेमकं काय, हे पोथी हातात आल्याशिवाय कळत नाही. कुणा शास्त्रीबुवांच्या घरातून आलेली पोथी लाल रुमालात बांधलेली असते. वर-खाली लाकडी फळ्या, मध्ये सुटी पानं. रुमाल सोडला की आधी कापराचा आणि जुन्या कागदाचा मिळून एक वास येतो. कसरीने कडा कुरतडलेल्या असतात. पहिली दोन-चार पानं बहुतेक वेळा गहाळ असतात, कारण हाताळली जातात ती तीच. मग याद्या करणारा माणूस काय करतो? ग्रंथ कोणता हे शोधायला तो मधलं वाचतो, पण त्याची खरी नजर शेवटच्या पानावर असते. तिथे पुष्पिका असते. ही प्रत कुणी लिहिली, कुठल्या गावी, कोणत्या वर्षी, कुणासाठी. माळव्यातला लेखक संवत घालतो, मराठी लेखक शक घालतो. म्हणजे पोथी संस्कृत असली तरी तिची लिहिणारी माणसं कुठून आली, ते या एका ओळीतून कळतं. काही लेखक शेवटी पोथीच्या तोंडूनच विनवणी करतात, की तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. मूर्खाची भीती सगळ्यांत शेवटी येते, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

पानं मोजायची, लांबी-रुंदी मोजायची, एका पानावर ओळी किती, अक्षर कसं, शाई टिकली आहे का, आरंभ कुठून आणि शेवट कुठे, पोथी कुणाकडून आली, हे सगळं एका रकान्यांच्या वहीत उतरवायचं आणि पोथीला क्रमांक द्यायचा. दिवसभरात काही मोजक्या पोथ्या होतात. प्रतिष्ठानात अशा हजारो पोथ्या आहेत. हे काम बघायला कुणी येत नाही आणि त्याची बातमी होत नाही. पण कपाटातली पोथी आणि यादीतली पोथी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. यादीत नसलेली पोथी हरवली तर ती हरवल्याचंही कळत नाही.

पोथ्यांची ही गत, तर मातीची काय सांगावी! उज्जैनच्या जमिनीचा शास्त्रीय शोध घेणाऱ्यांत पहिलं मराठी नाव मोरेश्वर बळवंत गर्दे यांचं. ते ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. ग्वाल्हेरच्या गुजरी महालातलं संग्रहालय त्यांनीच उभं केलं. 1938-39 मध्ये त्यांनी गढ, कुम्हार टेकडी, वैश्य टेकडी या उज्जैनच्या जुन्या भागांत उत्खनन केलं. स्वातंत्र्यानंतर, 1955 ते 1958 या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने गढावर पुन्हा खणलं. एन. आर. बॅनर्जी तेव्हा त्या कामाचे प्रमुख होते. लाकडाचा आधार दिलेला मातीचा तट आणि त्याबाहेरचा खंदक तिथे निघाला. अवंतीची राजधानी म्हणून पोथ्यांत वाचलेलं नगर एकदम मोजता येण्याजोगं झालं.

आणि मग हरिभाऊ. डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर. जन्म 4 मे 1919, नीमच. व्यवसायाने चित्रकार, उज्जैनमध्ये 'भारती कला भवन' चालवणारे, संघाच्या शाखेवर नियमित जाणारे आणि खांद्यावरच्या पिशवीत वही-पेन्सिल घेऊन माळव्याच्या डोंगरांत हिंडणारे. 1957 मध्ये भोपाळकडे जाताना गाडीतून त्यांना दूरवर खडकांचे विचित्र आकार दिसले. मग ते उतरले, पायी गेले आणि भीमबेटकाच्या चित्रगुहा त्यांनी जगापुढे आणल्या. ही गोष्ट आता शाळेच्या पुस्तकांतही सांगितली जाते. ती खरी आहे, पण तिच्यात आणखी एक माणूस आहे, त्याचं नाव सहसा येत नाही. 1888 मध्येच किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक आदिवासींच्या माहितीवरून भीमबेटकाचा उल्लेख केला होता, मात्र बौद्ध अवशेष म्हणून. म्हणजे जागा आदिवासींना माहीत होतीच, साहेबालाही ऐकून माहीत होती. हरिभाऊंनी केलं ते वेगळं. त्यांनी ती चित्रं पाहिली, नकलून घेतली, एकावर एक चढलेले थर वेगळे केले आणि कुठल्या थरात कुठला प्राणी, कुठलं शस्त्र, कुठला रंग हे लिहून ठेवलं. चित्रकाराचा हात असल्यामुळे हे जमलं. नुसत्या इतिहासकाराला खडकावर घोडा दिसला असता, तर हरिभाऊंना घोड्याखालचं हरीणही दिसलं.

त्यांनी रॉबर्ट ब्रूक्स यांच्याबरोबर लिहिलेलं भारतातल्या अश्मयुगीन चित्रांवरचं पुस्तक 1976 मध्ये येल विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. त्याच्या एक वर्ष आधी, 1975 मध्ये, पद्मश्री मिळाली होती. 3 एप्रिल 1988 रोजी सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं. भीमबेटका 2003 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ते पाहायला ते नव्हते. त्यांनी जमवलेली नाणी, चित्रांच्या प्रती आणि कागद त्यांच्या नावाच्या शोध संस्थेत उज्जैनमध्ये आहेत. त्यांच्या राजकीय-वैचारिक मतांशी सहमत असायलाच हवं असं नाही. सरस्वती नदीच्या शोधासाठी त्यांनी काढलेल्या मोहिमेवर आजही वाद होतात आणि व्हावेत. पण वाद घालणाऱ्यालाही त्यांच्याच वह्या उघडाव्या लागतात.

मला भीमबेटकापेक्षा कायथा जास्त ओढतं. उज्जैनच्या पूर्वेला छोटी कालीसिंध नदीच्या काठावर हे खेडं आहे. वराहमिहिराचं जन्मगाव कापित्थक ते हेच, असं अभ्यासक मानतात. हरिभाऊंना 1964 मध्ये इथलं पांढरीचं टेकाड सापडलं. आधी विक्रम विद्यापीठाने खणलं. मग 1968 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजची मंडळी आली. झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी खणलं आणि 1975 मध्ये अहवाल छापला. निघालं काय, तर चार हजार वर्षांहून जुन्या घरांत दडवून ठेवलेला ऐवज. साच्यात ओतलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी. दोन मडक्यांत मिळून तांब्याच्या 28 बांगड्या. अकीक आणि इंद्रगोपाच्या मण्यांचे दोन हार, एकात 175 मणी, दुसऱ्यात 160. आणि एका भांड्यात संगजिऱ्याचे बारीक मणी, सुमारे 40,000.

हा चाळीस हजारांचा आकडा वाचून मी थांबतो. मोहरीएवढे ते मणी ओवणाऱ्या चार हजार वर्षांपूर्वीच्या हातांचं कौतुक तर आहेच. पण विसाव्या शतकात माळव्याच्या उन्हात, खड्ड्याच्या काठावर बसून ते सगळे चाळून, धुऊन, मोजून ठेवणारं कुणीतरी होतं. त्यांनी 'पुष्कळ मणी' असं लिहून वेळ मारून नेली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. या लोकांनी दागिने मागे टाकून घाईने गाव सोडलं की काय, तांबं आणि दगड कुठून आणला, हडप्पाच्या लोकांशी त्यांचा व्यवहार होता का, हे सगळे प्रश्न त्या मोजणीमुळेच विचारता येतात. मणी एखाद्या हौशी माणसाला सापडले असते तर? तर सुंदर माळा तयार झाल्या असत्या.

हौशी माणसांना नावं ठेवण्याचा हेतू नाही. माळव्याचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिताच येणार नाही. क्षिप्रेच्या पात्रात यात्रेकरूंनी टाकलेले पैसे शोधायला काही माणसं वाळू चाळत बसलेली दिसतात. त्यांच्या चाळणीत कधी कधी आपल्या रुपयाबरोबर तांब्याचा एक छोटा तुकडा येतो. त्यावर क्रूसासारख्या चार बाहूंच्या टोकांना चार गोल असलेलं चिन्ह असतं. नाणेशास्त्रात त्याला उज्जैन चिन्ह असंच म्हणतात. ते सातवाहनांच्या नाण्यांवर दख्खनेतही सापडतं. म्हणजे नाशिक-पैठणच्या माणसाने खिशातून काढलेल्या नाण्यावर उज्जैनचा शिक्का, दोन हजार वर्षांपूर्वी. महिदपूरच्या अश्विनी शोध संस्थानासारख्या खासगी संस्थांनी आणि उज्जैनच्या संग्राहकांनी अशी नाणी वितळण्यापासून वाचवली आहेत. जयसिंहपुऱ्यातल्या जैन संग्रहालयाने माळव्याच्या शेतांतून, ओढ्यांतून निघालेल्या मूर्ती छताखाली आणल्या. सरकारला उशीर लागतो. वेडा माणूस सायकलवरून लगेच पोचतो.

पण नाणं कोणत्या घाटाजवळ, किती खोलीत, कशाबरोबर मिळालं हे न लिहिता घेतलं, तर उरतो नुसता तांब्याचा तुकडा आणि बाजारभाव. उलट उदाहरण पुण्याचं. तिथे 7 जुलै 1910 रोजी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. त्या काळात राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत, भांडत, रागावत, पण कुठला कागद कुणाच्या घरचा हे टिपून ठेवत. त्यांचं मंडळाशीही फाटलं आणि ते धुळ्याला गेले. माणूस अवघड होता, पण त्यांची टिपणं शंभर वर्षांनंतरही उपयोगी पडतात. संस्थांचं आयुष्य त्यांच्या संस्थापकांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या वह्यांवर जास्त अवलंबून असतं.

सांभाळणं म्हणजे कुलूप लावणं, असंही नाही. उज्जैनची वेधशाळा त्याचं उत्तम उदाहरण. सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार असताना त्याने ती बांधली. पुढे ती ओसाड पडली. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करून ती चालू केली. त्या कामात नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांचा सल्ला होता आणि आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. जयसिंगाच्या सम्राट यंत्र, नाडीवलय यंत्र, दिगंश यंत्र, भित्ती यंत्र यांच्या जोडीला आपट्यांच्या देखरेखीखाली शंकू यंत्रही बांधलं गेलं. वर्तुळाकार ओट्यावर मधोमध शंकू आणि त्याची सावली कशी सरकते ते दाखवणाऱ्या सात रेषा. संपातदिनाला सावलीचं टोक सरळ रेषेवरून चालतं. कर्कवृत्त जवळून जात असल्यामुळे 21 जूनच्या दुपारी सावली जवळजवळ नाहीशी होते आणि ते पाहायला शाळांची पोरं गोळा होतात. 1942 पासून इथून दरवर्षी ग्रहस्थितीचं पंचांग छापलं जातं. नव्या काळात त्या आकड्यांची कुणाला गरज नाही, असं म्हणता येईल. पण यंत्र वापरात राहिलं म्हणून त्यावरच्या खुणा वाचता येणारी माणसंही राहिली.

आता आजचं उज्जैन. डिसेंबर 2020 मध्ये महाकाल मंदिराच्या विस्तारासाठी खोदकाम चालू असताना जुन्या देवळाचे कोरीव दगड निघाले. काम थांबलं, पुरातत्त्वाची माणसं आली. 2021 मध्ये आणखी अवशेष निघाले. जाणकारांनी ते परमारांच्या काळातले, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे ठरवले. 11 ऑक्टोबर 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते 'महाकाल लोक'चं उद्घाटन झालं. रुंद फरसबंदी, कमळकुंड, शिवकथांच्या उंच मूर्ती. गर्दी वाढली, नानाखेड्याची हॉटेलं भरली, शहराला पैसा आला. तो नको असं कोण म्हणेल! 28 मे 2023 रोजी वादळी वारा सुटला आणि तिथल्या सप्तर्षींपैकी सहा मूर्ती खाली आल्या. फायबरच्या होत्या. त्यावर पुष्कळ राजकारण झालं. मला त्यात रस नाही. पण त्याच परिसरात जमिनीखाली निघालेले दगड हजार वर्षं टिकले होते. त्यातला कुठला दगड कुठल्या थरातून आला, याची चर्चा मूर्ती पडल्याच्या चर्चेच्या शतांशानेही झाली नाही.

2028 मध्ये पुन्हा सिंहस्थ आहे. रस्ते रुंद होणार, घाट वाढणार, नळ टाकले जाणार, म्हणजे उज्जैन पुन्हा खणलं जाणार. या शहरात कुठेही खणलं तरी काहीतरी लागतंच. अशा प्रत्येक मोठ्या कामावर विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या एका विद्यार्थ्याला मोजपट्टा, कॅमेरा आणि वही देऊन उभं करणं कठीण नाही. कंत्राटात तसं कलम घालता येतं. त्याचा खर्च एका स्वागतकमानीहूनही कमी येईल.

आणि एक काम मराठी घरांचं आहे, ते दुसरं कुणी करणार नाही. शिंदे-होळकरांच्या कारभारात माळवा-राजस्थानभर पसरलेल्या मराठी कुटुंबांकडे मोडी दप्तरं होती. कोट्यात शिंद्यांचे कमाविसदार असलेल्या गुळगुळे घराण्याचं दप्तर त्यांतलं सर्वांत गाजलेलं. आनंदराव भाऊ फाळके यांनी त्यातले कागद 'शिंदेशाही इतिहासाची साधने' म्हणून ग्वाल्हेरला छापले. सीतामऊचे महाराजकुमार डॉ. रघुवीरसिंह यांनी माळव्याच्या संक्रमणकाळावर 1936 मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांनी आपल्या छोट्याशा संस्थानी गावात मराठी, फारसी, राजस्थानी कागदांचा असा संग्रह उभा केला, की जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाईंसारखे इतिहासकार त्यांच्याशी सतत पत्रव्यवहार ठेवून होते. राजपुत्र असून मोडी कागदांची काळजी वाहणारा हा माणूस आपल्याकडे जवळजवळ कुणाला माहीत नाही.

अशा दप्तरांत लढाया थोड्या असतात. घोड्यांचा चंदी-दाणा, जकातीचा हिशेब, वाटेत पूर आल्यामुळे अडकलेला जासूद, मुलीच्या लग्नासाठी उसने मागितलेले पैसे, असलंच जास्त. आज त्या घरांतल्या बहुतेकांना मोडी वाचता येत नाही. वाडा विकला जातो, बिल्डर चावी मागतो आणि माळ्यावरची गाठोडी एका दुपारी रद्दीत जातात. ही दुपार टाळता येते. गाठोडं सोडून कागद वेगवेगळे करू नका, कारण ते कोणत्या क्रमाने बांधले होते यातूनही माहिती मिळते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ओलाव्याने बुरशी धरते. जुन्या धुतलेल्या सुती कपड्यात बांधा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. फोटो काढायचे तर आधी न सोडलेल्या गाठोड्याचा काढा. मूळ कागद हातचे जाऊ द्यायचे नसतील, तर उज्जैनच्या किंवा सीतामऊच्या संग्रहाला, पुण्याच्या किंवा धुळ्याच्या मंडळाला प्रत करून घ्या म्हणून विचारा. आणि गाठोड्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा. घर कोणत्या गल्लीत होतं, गाठोडं कोणत्या खोलीत कशाखाली होतं, घराण्यातलं कोण कुणाच्या चाकरीत होतं, हे आजीला विचारून आजच लिहून घ्या.